दुर्बीण कोणती घ्यावी? एका शक्तीची की बदलत्या शक्तीची?

मागच्या हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका शाळेतले शिक्षक माझ्या घरी आले. एकेकाळी ते माझ्याच वर्गात भूगोल शिकून गेलेले. त्यामुळे प्रस्तावना वगैरे काही नाही. पिशवीतून एक खोका काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सर, हे जरा बघा. आम्ही फसलो, की आम्हाला वापरता येत नाही, एवढंच सांगा."

खोक्यात दोन डोळ्यांना लावायची दुर्बीण होती आणि खोक्यावर ठळक अक्षरांत छापले होते : १०–६०×५०.

हकीकत अशी. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी एक नाटुकले बसवले आणि त्याला तिकीट लावले. दूध डेअरीवर येणाऱ्या मंडळींनी त्यात थोडी भर घातली. दरवर्षी थंडीत धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, पट्टकादंब हंस येतात. बाहेरगावची माणसे मोटारी करून ते पाहायला येतात आणि काठावर राहणारी पोरे मात्र लांबून नुसते गुलाबी ठिपके मोजतात. म्हणून शाळेला एक दुर्बीण घ्यायची ठरली. दुकानात दोन होत्या. एक ८×४०, दुसरी ही. किमतीत फारसा फरक नव्हता. आता तुम्हीच सांगा, एक दुर्बीण आठपट दाखवते आणि दुसरी दहापासून साठपर्यंत हवे तितके दाखवते म्हटल्यावर आठवाली कोण घेईल? यांनीही घेतली नाही.

पुढच्या रविवारी पस्तीस मुले घेऊन ते पाण्यावर गेले. पहिल्या मुलीने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि म्हणाली, "गुरुजी, दोन-दोन दिसतायत." दुसऱ्याला नुसतेच काळे दिसले. तिसरीला पाणी दिसले पण पक्षी सापडेनात. चौथा मुलगा जरा समजूतदार. त्याने क्षणभर पाहिले आणि "दिसलं" म्हणून दुर्बीण पुढच्याच्या हातात दिली.

"तो 'दिसलं' म्हणाला ना सर, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं," शिक्षक म्हणाले.

भिंगांचे शास्त्र हा माझा विषय नव्हे. पण भूगोल शिकवणाऱ्याला मोजणीच्या दुर्बिणी हाताळाव्या लागतात आणि महाविद्यालयात एन.सी.सी.चे काम अंगावर असल्यामुळे नेमबाजीच्या दुर्बिणींबद्दलही मुले विचारत असतात. या दोन्ही निमित्तांनी जे शिकलो ते त्या दिवशी त्यांना सांगितले. तेच तुमच्यापुढे ठेवतो. कारण असे खोके पुष्कळ शाळांच्या कपाटांत पडून असतील अशी मला दाट शंका आहे.

आधी खोक्यावरचे आकडे वाचायला शिकू. ८×४० म्हणजे काय? पहिला आकडा शक्तीचा. चारशे मीटरवर उभा असलेला रोहित पक्षी आठच्या दुर्बिणीतून पन्नास मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या मोठ्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. गिऱ्हाईक पहिल्या आकड्याकडे पाहते. जाणकार दोन्ही पाहतो आणि मनातल्या मनात दुसऱ्याला पहिल्याने भागतो. चाळीसला आठाने भागले की पाच येतात. या पाचाला फार महत्त्व आहे.

दुर्बीण डोळ्यांपासून हातभर लांब धरा आणि उजेडाच्या दिशेला, आकाशाकडे, रोखा. सूर्याकडे मात्र चुकूनही नाही. त्याबद्दल पुढे सांगतो. डोळ्याकडच्या भिंगात एक लहानशी उजळ टिकली दिसेल. पुढच्या भिंगाने गोळा केलेला सगळा उजेड या टिकलीतूनच बाहेर पडतो. तिचा व्यास म्हणजे आपला तो भागाकार. आपल्या डोळ्याच्या बाहुलीचे छिद्रही लहानमोठे होत असते. भर उन्हात ते दोन-तीन मिलिमीटर असते, अंधारात तरुण डोळ्याचे सात मिलिमीटरपर्यंत उघडते, चाळिशी उलटलेल्या माझ्यासारख्याचे त्याहून कमी. दुर्बिणीची टिकली बाहुलीपेक्षा लहान झाली की चित्र अंधारू लागते. आणि टिकली बारीक असली की डोळा नेमका तिच्यासमोर आणणे म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखे होते. डोळा जरा हलला की सगळे काळे. दुसऱ्या मुलाला जे काळे दिसले त्याचे एक कारण हे.

आता साठाच्या आकड्याचा हिशेब करा. पन्नासला साठाने भागले तर टिकली एक मिलिमीटरही भरत नाही. दुपारच्या उन्हात आपली बाहुली अडीच मिलिमीटर धरली, तरी टिकली तिच्या साधारण एक तृतीयांश. उजेड व्यासाच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे चित्र नवव्या हिश्श्याइतके उजळ. हे भर दुपारी! पक्षी तर पहाटे आणि तिन्हीसांजेला हालचाल करतात.

पण खरी गंमत पुढेच आहे. आम्ही दुर्बिणीचा खटका शेवटच्या टोकाला, म्हणजे साठावर, सरकवला आणि मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी लावून टिकली मोजली. ती एक मिलिमीटरपेक्षा कमी असायला हवी होती. भरली अडीच! पन्नासला अडीचने भागले की येतात वीस. म्हणजे साठ छापलेली दुर्बीण विसाच्या वर जातच नव्हती. विसाच्या आतही असेल. कारण आत कुठे पडदा घालून पुढच्या भिंगाचा कडेचा भाग निकामी केलेला असला, तर हा हिशेब शक्ती आहे त्यापेक्षा जास्तच दाखवतो, कमी कधी नाही. शिक्षकांनी पट्टी दोनदा लावून पाहिली आणि गप्प बसले.

ही मोजणी नववी-दहावीच्या वर्गात करून घेण्याजोगी आहे. पट्टी, दुर्बीण आणि एक भागाकार एवढेच साहित्य. दुकानात उभ्या उभ्याही करता येते. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल, बघू द्यावे.

आता तुम्ही म्हणाल, वीस तर वीस, आठापेक्षा जास्तच की! इथे दुसरी अडचण येते. दुर्बीण पक्ष्याला जितकी मोठी करते तितकाच तुमच्या हाताचा कंपही मोठा करते. हात कोणाचाही स्थिर नसतो. श्वास चालू असतो, नाडी उडत असते, काठावर वारा असतो. सात-आठपर्यंत हे खपून जाते, दहाला जाणवू लागते, आणि विसाला पक्षी चित्रात नाचू लागतो. त्याच्या चोचीचा बाक पाहायचा तर तो आधी थांबला पाहिजे. म्हणून हातात धरायच्या चांगल्या दुर्बिणी पिढ्यान् पिढ्या सात, आठ, दहा याच आकड्यांभोवती राहिल्या आहेत. कारखानदारांना मोठे आकडे छापता येत नाहीत म्हणून नव्हे.

रस्त्याच्या किंवा कालव्याच्या मोजणीला आलेले लोक तिपाईवरचा थिओडोलाइट लावतात तो तुम्ही पाहिला असेल. त्याची दुर्बीण वीस-तीस शक्तीची असते, पण तिला तिपाई आहे, पाणसळ आहे, बारीक स्क्रू आहेत. तिपाई काढून तीच दुर्बीण हातात दिली तर मोजणीदारालाही काठीवरचा आकडा वाचता येणार नाही.

तिसरी गोष्ट दृष्टिक्षेत्राची, म्हणजे एका वेळी किती रुंद देखावा दिसतो त्याची. शक्ती वाढली की क्षेत्र आक्रसते हे कोणीही सांगेल. गॅलिलिओने १६१० च्या ७ जानेवारीला पादुआत गुरूचे चंद्र प्रथम पाहिले ते साधारण वीस शक्तीच्या नळीतून. तिचे क्षेत्र इतके लहान होते की पूर्ण चंद्रबिंब एका वेळी तिच्यात मावत नसे. तो माणूस चिकाटीचा, त्याने तुकड्यातुकड्याने पाहिले. आपल्या पस्तीस पोरांना प्रत्येकी अर्धा मिनिट मिळते.

पण बदलत्या शक्तीच्या जोडदुर्बिणीचा दोष एवढाच नाही. ती सगळ्यात कमी शक्तीवर ठेवली तरी तिचे क्षेत्र अरुंदच असते! दहा शक्तीच्या साध्या दुर्बिणीत सहा-साडेसहा अंशांचा देखावा सहज मिळतो, आठाच्या दुर्बिणीत साडेसात अंशांच्या आसपास. बदलत्या शक्तीची दुर्बीण दहावर ठेवली तर मिळतो चारच्या आसपास. एक अंश म्हणजे हजार मीटरवर साधारण साडेसतरा मीटर. म्हणजे हजार मीटरवरच्या पाण्याची आठाच्या दुर्बिणीत एकशे तीस मीटर रुंदी दिसते आणि हिच्यात सत्तर. क्षेत्रफळाने पाहिले तर चौथ्या हिश्श्याहून थोडेसे जास्त. तिसऱ्या मुलीला पक्षी सापडेनात यात तिचे काय चुकले? आपण तिला घराच्या खिडकीऐवजी कौलाचे भोक दिले होते. खटक्याबरोबर सरकणारी भिंगे डोळ्याकडच्या भागात बसवावी लागतात आणि त्या तडजोडीत रुंद देखाव्याचा बळी जातो.

आणि आता 'दोन-दोन दिसतायत' याकडे वळू. मला वाटते सगळ्या प्रकरणाचे मूळ इथे आहे.

जोडदुर्बीण म्हणजे एक दुर्बीण नव्हे, दोन. प्रत्येकीत पुढचे भिंग, मग चित्र सुलटे करणारे काचेचे लोलक, मग डोळ्याकडची भिंगे. लोलकांची ही युक्ती इटलीतल्या इग्नात्सिओ पोर्रो याने १८५४ साली काढली आणि १८९४ पासून जर्मनीतल्या झाइस कारखान्याने तशा जोडदुर्बिणी बाजारात आणल्या. दोन्ही नळ्या अगदी एका दिशेला रोखलेल्या हव्यात, दोन्हींची शक्ती तंतोतंत एक हवी, तरच मेंदू दोन चित्रांचे एक करतो. थोडा फरक असला तर डोळे ताणून तो सांभाळतात आणि मग कपाळ दुखते. फरक जास्त असला तर दोन-दोन पक्षी. बैलजोडीचेच उदाहरण घ्या. दोन बैल एका चालीचे मिळणे कठीण. पण एकदा मिळाले की काम चालते. बदलत्या शक्तीच्या दुर्बिणीत आपण काय मागतो? की या जोडीने प्रत्येक पावलाला चाल बदलावी आणि तरी दोघांत तसूभर अंतर पडू नये. डाव्या नळीतली भिंगे सरकतील तितकीच आणि त्याच क्षणी उजव्या नळीतली सरकली पाहिजेत. त्यासाठी आत दातेरी चक्रे असतात किंवा धातूची पट्टी असते. माफक किमतीत हे काम तितके काटेकोर होत नाही, झाले तरी चार धक्क्यांनंतर टिकत नाही.

हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. समोरच्या घराचे आढे किंवा विजेची आडवी तार दुर्बिणीतून पाहा आणि पाहता पाहता दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर लांब न्या. दोन्ही वर्तुळांतली रेघ एका सरळीत राहिली तर ठीक. एकीकडे वर, एकीकडे खाली अशी पायरी पडली तर ती दुर्बीण दुकानातच ठेवावी. बदलत्या शक्तीची असेल तर दोन्ही टोकांवर पाहावे. आम्ही पाहिले. दहावर रेघ जेमतेम जुळली. शेवटच्या टोकावर तार एका खांबावरून निघून दुसऱ्याच खांबाला जात होती.

इथे शिक्षकांनी एक चांगला प्रश्न विचारला. "मग सर, लष्करातल्या नेमबाजांच्या रायफलींवर शक्ती बदलणाऱ्या दुर्बिणी असतात म्हणतात. त्यांचं कसं चालतं?"

चालते, कारण रायफलीवर नळी एकच. दोन चित्रे जुळवण्याचा प्रश्नच नाही. शिवाय रायफल टेकलेली असते, त्यामुळे हातकंपही कमी. तरीसुद्धा तिथे हा वाद जुना आहे आणि तो कसा सुटला हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत नेमबाजांच्या रायफलींवर साडेतीन शक्तीची ठरीव दुर्बीण असे. १९६६ साली व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या मरीन दलाने आपल्या नव्या रायफलीवर तीन ते नऊ अशी बदलती दुर्बीण बसवली. कल्पना उत्तम : जवळच्या झाडीत तीन, लांबच्या टेकडीवर नऊ. पण त्या उष्ण-दमट हवेत आणि त्या धसमुसळ्या वापरात ती दुर्बीण पुरी उतरली नाही. नंतर त्याच दलाने पुढच्या रायफलीवर दहा शक्तीची ठरीव, दणकट दुर्बीण घेतली. ब्रिटिश सैन्याने ऐंशीच्या दशकातल्या आपल्या रायफलीला सहाची ठरीव दुर्बीण लावली. सरकणारे भाग जितके कमी तितकी बिघडायची ठिकाणे कमी, हा हिशेब. मग एकविसाव्या शतकात दोघेही पुन्हा बदलत्या शक्तीकडे वळले : मरीन दल तीन ते बाराकडे, ब्रिटिश पाच ते पंचवीसकडे. दरम्यान नळ्या घडवण्याची कारागिरी सुधारली होती आणि त्यासाठी मोजायची किंमत मोजायला ती सैन्ये तयार होती.

म्हणजे 'ठरीव चांगली, बदलती वाईट' असा काही सृष्टीचा नियम नाही. नळ्या किती, आधार कोणता, कारागिरी कशी आणि खिसा केवढा, यावर उत्तर बदलते.

नेमबाजाला लांबच्या पल्ल्यावर मोठी शक्ती हवीच असते असेही नाही. उन्हाने जमीन तापली की हवा लहरू लागते. वैशाखात डांबरी रस्त्यावर पाणी चमकल्यासारखे दिसते ना, तोच प्रकार. मोठ्या शक्तीवर या लहरीही मोठ्या होतात आणि निशाण पाण्यात बुडाल्यासारखे हलते. अशा वेळी बदलत्या शक्तीचा मालक दुर्बीण खाली आणतो, पंचवीसची दहा-बारा करतो, तेव्हा कुठे निशाणाची कड दिसते. गंमत पाहा, जास्तीची शक्ती विकत घेतलेल्याला ती दुपारी वापरताच येत नाही. ठरीव दहावाल्याला ही निवड नाही, पण त्याचे फारसे अडतही नाही.

रायफलीच्या दुर्बिणीत आणखी एक मुद्दा आहे, तो मोजणीच्या दुर्बिणीवरून चांगला कळतो. थिओडोलाइटमध्ये डोळा लावला की फुलीच्या तारा दिसतात आणि तिच्या वर-खाली दोन आखूड रेघा. समोरच्या मोजपट्टीवर या दोन रेघांमध्ये जेवढे अंतर पडते त्याला साधारणपणे शंभराने गुणले की पट्टी किती लांब आहे ते कळते. रेघांमधला कोन ठरलेला आहे म्हणूनच हे जमते. रायफलीच्या दुर्बिणीतही अशाच खुणा असतात. त्यांवरून अंतर अजमावायचे, गोळी किती खाली पडेल ते धरायचे. आता शक्ती बदलली तर या खुणांचे काय? खुणा मागच्या बाजूला, शक्ती बदलणाऱ्या भिंगांच्या अलीकडे, कोरलेल्या असल्या तर चित्र लहानमोठे होते आणि खुणा तेवढ्याच राहतात. नऊवर जी खूण एक मीटर दाखवत होती तीच तीनवर तीन मीटर दाखवते. माणूस खटका बघायला विसरला की हिशेब चुकला. खुणा पुढच्या बाजूला कोरल्या तर त्या चित्राबरोबर वाढतात, हिशेब सदैव खरा. पण लहान शक्तीवर त्या केसासारख्या बारीक होतात आणि मोठीवर दोरीसारख्या जाड. ठरीव शक्तीत ही भानगडच नाही. म्हणून लांब पल्ल्याची नेमबाजी शिकू पाहणाऱ्याला मी आधी ठरीव शक्तीवर हात बसव असे सांगतो.

आणि हेही सांगतो की ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणी चालतच नाहीत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले ते मागच्या बारीक छिद्रातून पुढची खूण आणि निशाण जुळवून. हे ऐकले की एन.सी.सी.तली निम्मी पोरे दुर्बिणीचा विषय सोडून देतात, ते बरेच होते.

असो. आपण पाण्याच्या काठावर परत येऊ.

बदलती शक्ती एका नळीत, तिपाईवर आणि चांगल्या कारागिरीची असेल तर पक्षी पाहणाऱ्यांनाही उपयोगी पडते. वीस ते साठ शक्तीच्या तसल्या एकनळी दुर्बिणी काठावर तिपाया रोवून उभ्या असलेल्या मंडळींकडे तुम्ही पाहिल्या असतील. लांबच्या थव्यातला एकेक पक्षी ओळखायला त्या फार छान. त्यांचीही साठावरची टिकली बारीकच असते आणि तेही लोक बहुतेक वेळ वीस-तीसवरच असतात, हे जाता जाता लक्षात ठेवा. आकाश पाहण्याच्या मोठ्या दुर्बिणीत तर निराळाच तोडगा आहे. नळी तीच ठेवून डोळ्याकडचे भिंग बदलायचे. नळीचे नाभीअंतर ९०० मिलिमीटर आणि भिंग २५ चे, तर शक्ती ३६. भिंग १० चे लावले, तर ९०. काढा आणि घाला, सरकणारे काही नाही. तिथेही पुढच्या भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमागे दोन याहून अधिक शक्ती मागू नये. साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीला एकशेवीस म्हणजे शिकस्त. खोक्यावर पाचशे छापलेले असेल तर छपाई चांगली आहे एवढाच त्याचा अर्थ. मोबाइलवर दोन बोटांनी फोटो ताणत गेलो की पुढे नवे काही दिसत नाही, नुसते पसरट होत जाते, तसेच ते.

मग शाळेने घ्यावे काय? माझे मत विचाराल तर ८×४० किंवा ८×४२, ठरीव शक्तीची. आकाशाचा नाद असेल आणि मुले मोठी असतील तर १०×५०. पण ती जड असते आणि रात्री तिला भिंतीचा, निदान खांद्याचा आधार द्यावा लागतो. आठाच्या दुर्बिणीतूनही कृत्तिकांच्या पुंजक्यात सहा-सातऐवजी डझनांनी तारे दिसतात, मृगातला तेजोमेघ दिसतो, चंद्रावरची विवरे दिसतात आणि आधार चांगला असला तर गुरूचे चंद्रही. शनीची कडी दिसणार नाहीत. दुकानदार काहीही सांगो.

घेताना एक गोष्ट हमखास राहून जाते. दुर्बीण मुलांसाठी घेतो आणि लावून पाहतो आपल्याच डोळ्यांना. लहान मुलांच्या दोन डोळ्यांमधले अंतर कमी असते. काही दुर्बिणींच्या नळ्या तेवढ्या जवळ येतच नाहीत, मग मूल एकाच डोळ्याने पाहते आणि कुणाला सांगत नाही. तेव्हा वर्गातले सगळ्यात लहान चेहऱ्याचे मूल बरोबर न्यावे. चष्मा असणारेही एक न्यावे. चष्म्यावरून पूर्ण वर्तुळ दिसते का ते त्यालाच विचारावे, 'दिसतं ना?' असे मात्र विचारू नये. मुले हो म्हणतात. टिकली नीट गोल आहे का तेही पाहावे. तिच्या कडा छाटल्यासारख्या, करड्या दिसल्या तर आतले लोलक हलके आहेत.

आणि सूर्य. दुर्बीण कोणतीही असो, तिच्यातून सूर्याकडे पाहिले तर डोळा कायमचा जातो. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. पहिल्या दिवशी, दुर्बीण हातात देण्याआधी, हे सांगायचे. आणि शिक्षकांनी स्वतः सूर्याकडे पाठ करून मुलांना उभे करायचे. काठावर सकाळी गेलात तर पूर्वेकडचे पाणी पाहायचे नाही, एवढा एकच नियम पुरतो. उजेड पाठीमागून आला की पक्ष्यांचे रंगही नीट दिसतात.

माझ्या विद्यार्थ्याने ती दुर्बीण परत केली नाही; दुकानदाराने घेतली नसतीच. आम्ही खटका दहावर सरकवला आणि त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. मग तिला लाकडी स्टुलावर वाळूच्या पिशवीत बसवून पाहिले. त्या अवस्थेत तिच्यातून रस्त्यापलीकडच्या चिंचेवरचा पोपट बऱ्यापैकी दिसला, एकच दिसला. या हिवाळ्यात त्यांनी ८×४० घेतली. जुनी टाकली नाही; विज्ञानाच्या तासाला पट्टी लावून टिकली मोजायला ती वापरतात आणि साठाचा आकडा खरा की खोटा ते मुले फळ्यावर काढून दाखवतात.

नवी दुर्बीण कशी ठेवायची म्हणून त्यांचा परवा फोन आला होता. पावसाळ्यात भिंगांवर आतून बुरशी धरते, कोकणात तर हटकून. चामडी पेटीत बंद करून कपाटात ठेवणे हे सर्वांत वाईट. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांत येतात तसल्या दमट शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावी आणि पंधरवड्यातून एकदा बाहेर काढून वापरावी. भिंग पुसायचे तर आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग जुन्या मऊ धुतलेल्या सुती कापडाने हलके टिपायचे. धोतराच्या सोग्याने नाही, आणि तोंडाची वाफ देऊन घसाघसा तर नाहीच.